पाऊण मीटर खोल

३ मार्च, सकाळी ६.१५

आजपासून रोजनिशी. काम मोठं आहे आणि मोठ्या कामाची नोंद हवी, एवढंच कारण. कोणी वाचावी म्हणून नव्हे.

काम असं: घरामागच्या खोलीला स्वतंत्र वीजजोडणी. जमिनीखालून. फाटकाजवळ वीज कंपनीचा लोखंडी पिलर, म्हणजे जोडणीची पेटी, आहे, तिथून निघून अंगण ओलांडून मागच्या भिंतीपर्यंत. अंतर अठरा मीटर. मुदत सहा दिवस.

ही हवापालटासाठी बहिणीकडे गेली आहे. आज दहावा दिवस. परत येईल तेव्हा मागच्या खोलीत बटण दाबायचं की लख्ख उजेड. गेली अकरा वर्षं हिचं एकच पालुपद होतं, मागच्या खोलीला एक लाइन घेऊन द्या. अकरा वर्षं मी प्लॅनिंग करत होतो. प्लॅनच्या सात आवृत्त्या झाल्या. उठलं की लागलं खणायला, अशी माणसं वेगळी.

निश्चय: मजूर लावायचा नाही. हिला आधी सांगायचं नाही. आणि फोन आपण करायचा नाही, कारण फोनवर माझ्या तोंडून सगळं फुटेल.

३ मार्च, संध्याकाळ

अर्ज भरला. अर्जदार: मी. वापरणाऱ्याचं नाव: हिचं. हेतू: शिवणकाम. लोड: शिलाई मशीन एक, इस्त्री एक, पंखा एक, ट्यूब दोन. हिचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. किती वर्षांनी लिहिलं कोण जाणे.

कंपनीतल्या खिडकीवर मला अजून ओळखतात. चौतीस वर्षं भूमिगत केबल विभागात काढली. तिथं मला सगळे ‘पाऊण मीटर’ म्हणायचे. केबल पाऊण मीटर खोल हवी म्हणजे हवी, पाऊण मीटरला एक बोट कमी दिसलं तरी मी चर पुन्हा खणायला लावायचो. माणसं प्रेमानंच म्हणायची.

४ मार्च

दीड मीटर लांब खणलं. खोली वीस सेंटिमीटर. कंबर.

५ मार्च

कंबर.

६ मार्च, दुपार

खणणं बंद आहे म्हणून रोजनिशी मागे पडायला नको. ही गेली त्या दिवसाची नोंद करून ठेवतो. पुढेमागे गैरसमज नको.

पुढच्या खोलीत शिवणकाम चालायचं तेव्हा चिंध्या, टाचण्या, गिऱ्हाइकं. माझ्या टाचेत सुई गेली तेव्हा मी हिला मागच्या खोलीत हलवलं. तिथं वीज नाही. मग हिने स्वयंपाकघरातून एक्स्टेंशन काढलं, दाराखालून, अंगणातून, पार मागच्या खोलीपर्यंत. आता एक्स्टेंशन ही तात्पुरती सोय. हिची तात्पुरती अकरा वर्षं चालली. दार घासून घासून वायरचं कातडं निघतं. अंगणात पाणी. माणूस मरायला किती वेळ लागतो? मी नोकरीत अशी दोन माणसं पाहिली आहेत. एकीच्या हातात कात्री तशीच होती.

मला ही जिवंत हवी होती. हे तिला सांगितलं नाही, नियम सांगितला. नियमात तेच असतं.

त्या संध्याकाळी वायर उघडी पडलेली दिसली आणि मी प्लग उपटला. सांगून उपटायला हवा होता, हे मान्य. कुणाच्या तरी लग्नाचे कपडे शिवत होती, दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. अंधारातून बाहेर आली. दातात दोरा होता. मी तिला नियम समजावून सांगितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती काही बोलली नाही. एरवी ही गप्प बसणारी नव्हे, तेव्हा पटलं असणार. सकाळी हवापालटाला गेली.

७ मार्च

मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आई फिरायला गेलेली नाही. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, बहिणीकडे गेली आहे. म्हणाली, तसं नाही बाबा. मी विचारलं, तुझ्याकडचा मेन स्विच अजून गरम होतो का. म्हणाली, हो. म्हटलं, नवऱ्याला दाखवायला सांग. तिने फोन ठेवला.

मुलगी हळवी आहे. हिच्यावर गेली.

९ मार्च

सहा दिवसांची मुदत आज संपली. ती प्राथमिक मुदत होती. सुधारित मुदत: २० मार्च.

शेजारचे मास्तर कुंपणावरून डोकावले. रिटायर झाल्यापासून त्यांना डोकावण्याशिवाय उद्योग नाही. म्हणाले, साहेब, तहान लागल्यावर विहीर खणताय. मी त्यांना समजावलं की विहिरीला पाणी लागेपर्यंत जावं लागतं, इथं पाऊण मीटरला थांबायचं. ते माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं वर्गात शिकवलं, पण साधा फरक कळत नाही.

जाताना विचारलं, वहिनी कधी येणार. म्हटलं, चर पूर्ण झाला की.

१४ मार्च

सात मीटर. पूर्ण खोली. तळ एका पातळीत.

अडचण अशी की आपली माती दगडगोट्यांची. केबलवर दगड टाकून चालत नाही, कालांतराने टोचतो आणि केबल आतून मरते. वरून काही कळत नाही. म्हणून माती चाळून घ्यायची. बाजारातली चाळणी जाड भोकांची. घरात शोधलं. हिची पिठाची चाळणी मिळाली, पितळी कडेची. काम फर्स्टक्लास. भराव इतका मऊ झालाय की कुणी गादी म्हणून अंथरावा.

चाळणीची जाळी एका कोपऱ्यात फाटली. ही येण्याआधी तशीच दुसरी आणायची.

दुपारी अंडं उकडलं. काल पण अंडं होतं. घरात मीठ कुठं असतं ते सापडलेलं नाही.

१९ मार्च

काल अवेळी पाऊस. सरी नव्हेत, बादल्या. फाटकाजवळच्या चराच्या दोन्ही कडा ढासळल्या. तिथं आता चर हातभर रुंद असायचा तो मीटरभर झालाय. चाळलेल्या मातीचा चिखल.

पुन्हा खणणं, पुन्हा चाळणं. सुधारित मुदत: ३१ मार्च. हवापालट म्हटला की महिनाभर तरी लागतोच.

२५ मार्च

केबल आणली. अठरा मीटर. पिलर ते भिंत अठरा, म्हणून अठरा मागितली आणि अठराच कापून घेतली. घरी आल्यावर लक्षात आलं की खाली उतरायला पाऊण मीटर, वर चढायला पाऊण मीटर, आणि दोन्ही टोकांना सैल वेटोळं ठेवावं लागतं ते वेगळं. जमीन हलते, खचते. केबल ताठ ओढून बसवली तर पहिल्याच खचण्यात तिच्या सांध्यावर ताण येतो आणि ती तुटते. ढील द्यावीच लागते. हे मी पोरांना चौतीस वर्षं शिकवलं.

जमिनीखाली जोड चालत नाही. एकसंध हवी. दुकानदार म्हणाला, साहेब, एक जोड मारा, कोण बघतंय. मी बघतोय, म्हटलं. बावीस मीटरची नवीन घेतली. अठरावाली मागच्या खोलीत ठेवली आहे, हिच्या मशीनशेजारी.

मशीनवर धूळ बसली होती. पुसली. सुईखाली कापडाचा तुकडा तसाच अडकलेला होता, निळा. त्याला हात लावला नाही. टाका अर्धवट आहे.

२ एप्रिल, सकाळी १०

चर पूर्ण. अठरा मीटर, सर्वत्र पाऊण मीटर. तळाला वाळू. वाळूवर केबल, ढील देऊन, नागमोडी. खाली वाकून बघत बसलो होतो. इतकं सुबक काम नोकरीत असतानाही झालं नाही.

आता तपासणी झाल्याशिवाय बुजवायचं नाही. बुजवल्यावर इन्स्पेक्टर बघणार काय, माती? झाकलेल्या कामाचा भरवसा नसतो. तपासणीची तारीख मागितली, दहा तारीख मिळाली. नव्या इन्स्पेक्टर बाई आहेत. माझ्याच हाताखाली ट्रेनिंग घेतलेल्या.

फक्त एवढंच की चर फाटक आणि पुढचं दार यांच्या बरोबर मधून जातो. फाटकातून घरात येता येत नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराने, कुंपण चढून, मास्तरांच्या अंगणातून ये-जा करतो. आठ दिवसांचा प्रश्न आहे.

३ एप्रिल, दुपारी ४

ही आली होती.

फाटकाची कडी वाजली. बघतो तर ही. जराशी वाळली आहे. केस बारीक कापलेत, चांगले दिसतात. हे मनात म्हटलं.

ती चराच्या पलीकडे उभी, मी अलीकडे. तिने चर बघितला. पिलरपासून मागच्या खोलीपर्यंत सगळा नजरेने मोजल्यासारखा बघितला. मग म्हणाली, हे मागच्या खोलीला का? म्हटलं, हो. आणि केबलचा साइज सांगितला.

तिने विचारलं, मी आत येऊ का.

मी म्हटलं, थांब, कड ठिसूळ आहे, पाय दिलास तर माती आणि खडे वाळूवर पडतील. तिचे गुडघे दुखतात, मीटरभर ओलांडणं तिला जमणार नाही, हेही डोक्यात होतं. तिने विचारलं, एखादी फळी नाही का टाकायला. म्हटलं, फळीने कडेवर भार येतो. दहा तारखेला इन्स्पेक्शन आहे. एकदा ते झालं, बुजवलं, की मग ये. मग खुशाल ये.

तिने फाटकाची कडी काढली. म्हणाली, कंबर कशी आहे. म्हटलं, ठीक. म्हणाली, बरं. आणि गेली.

आनंदाची गोष्ट अशी की तिने स्वतःहून विचारलं, आत येऊ का. म्हणजे गाडी रुळावर आहे. फक्त सात दिवस.

४ एप्रिल

मास्तर म्हणाले, काल वहिनी मोठी बॅग घेऊन आल्या होत्या, चाकांची. रिक्षातून उतरताना त्यांनी पाहिलं. रिक्षावाल्याला पैसे देऊन सोडून दिलं होतं, म्हणून परत जाताना कोपऱ्यापर्यंत बॅग ओढत चालत गेल्या.

मी बॅग पाहिली नाही. मी कडेकडे बघत होतो.

बाजारात जाताना लोक बॅग नेतातच.

मास्तर असंही म्हणाले की त्यांच्याकडे जुन्या दाराची फळी पडून आहे. मागितली असती तर कुंपणावरून दिली असती. मी म्हटलं, तुम्हाला यातलं कळत नाही.

१० एप्रिल

इन्स्पेक्शन झालं नाही. अर्जाला घराचा नकाशा जोडायचा राहिला. सात आवृत्त्या होत्या, त्यातली कोणती जोडायची या विचारात एकही जोडली नाही. नवीन तारीख: २२.

११ एप्रिल

मुलीचा फोन. आणि काय सांगावं, आज महिन्याभराने पोटभर जेवलो.

मुलगी म्हणाली, आई विचारते आहे, जमिनीखालच्या केबलला खोली किती लागते आणि का लागते.

का लागते. हे ‘का’ महत्त्वाचं. तेहतीस वर्षांच्या संसारात हिने मला कामाबद्दल कधी ‘का’ विचारलं नव्हतं. चर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि पालथा घडा सुलटा झाला. म्हटलं, फोनवर सांगण्यासारखं नाही, लिहून देतो.

१२ एप्रिल

दिवसभर लिहीत होतो. पाने अकरा. आखीव कागद, निळी शाई, आकृत्या पट्टी लावून.

पान एक ते तीन: खोली आणि तिचं कारण. कुदळ, फावडं, झाडाची मुळं, वरून जाणारी गाडी, या सगळ्यांपासून केबल वाचली पाहिजे. पान चार: वाळू, चाळलेली माती. पान पाच: ढील. पान सहा: जोड नको. पान सात: भिंतीपाशी केबल वर चढते तिथं लोखंडी पाइप, पाइपचं तोंड बंद, नाहीतर पाणी शिरतं. पान आठ: इशाऱ्याची टेप. केबलच्या वर वीतभर अंतर सोडून लाल टेप पसरायची, म्हणजे पुढे कधी कुणी खणलं तर आधी टेप लागते आणि माणूस थांबतो. पान नऊवर किरकोळ बाबी: कठडा, दिवा, फळी वगैरे. पान दहा, अकरा: तपासणी आणि अर्ज.

शेवटी सही करावी की नाही विचार केला. केली. सहीच्या वर ‘तुझा’ लिहिलं होतं, ते खोडलं. तांत्रिक कागदावर बरं दिसत नाही. पण खोडलेलं वाचता येतं.

कुरियरने पाठवलं.

१५ एप्रिल

पुन्हा मुलीचा फोन. कागद पोचले. आई म्हणते, सगळं नीट कळलं. एकच शंका: जोडणी बाईच्या नावावर घ्यायची तर नवऱ्याची सही लागते का.

मी म्हटलं, मुळीच नाही. जागा वापरात असल्याचा कागद पुरतो. पान दहा, तळटीप.

फोन ठेवल्यावर ट्यूब पेटली. मागच्या खोलीचं मीटर हिला स्वतःच्या नावावर हवंय. परत येण्याचा याहून पक्का पुरावा कोणता? माणूस सोडून जायच्या घरात मीटर घेतो का? मी अर्जदार म्हणून माझं नाव घातलं ती चूकच झाली. इन्स्पेक्टर बाईंना सांगून बदलून घेऊ.

मागच्या खोलीला चुना काढायला घेतला.

१८ एप्रिल, दुपार

चुन्याचा दुसरा हात द्यायला ब्रश आणायला गेलो होतो. तिथंच तशी चाळणीही शोधली. पितळी कडेची आता येत नाही. परत आलो तर मागची खोली उघडी आणि मशीन नाही.

मास्तर म्हणाले, तुमची मुलगी आणि जावई टेम्पो घेऊन आले होते. तुमची वाट पाहिली थोडी. मुलीला फोन केला. म्हणाली, आईने मागवलंय बाबा. बरोबर आहे. इतके दिवस बंद पडलेलं मशीन सर्व्हिसिंगशिवाय चालवू नये. पट्टा सुकतो.

मुलगी फोनवर रडत होती, असं वाटलं. तिला सर्दीही लवकर होते.

१८ एप्रिल, संध्याकाळ

फाटकापाशी गेलो तेव्हा दिसलं. चरावर मास्तरांच्या जुन्या दाराची फळी आडवी टाकलेली आहे. मशीन त्यावरून नेलं. बिडाचं पायमशीन, शिवाय ते उचलणारे जावई आणि टेम्पोवाला.

टॉर्च घेऊन खाली उतरलो. दोन्ही कडा तपासल्या. वाळू तपासली. केबल तपासली.

कड ढासळलेली नाही. एक खडासुद्धा पडलेला नाही.

१९ एप्रिल

काही लिहिण्यासारखं नाही. चुन्याचा दुसरा हात दिला.

२० एप्रिल

ही जड नाही. कधीच नव्हती.

२२ एप्रिल, दुपार

इन्स्पेक्शन झालं. क्रमाने लिहितो, नाहीतर लिहून होणार नाही.

इन्स्पेक्टर बाई अकराला आल्या. मला वाकून नमस्कार केला, म्हणाल्या, सर, तुमच्या हाताखाली शिकले म्हणून आज इथं आहे. मग फाटकात उभ्या राहून चर बघितला. मोजपट्टी लावली. पाऊण मीटर. पुन्हा लावली. पाऊण मीटर. वाळू बघितली, ढील बघितली, पाइपचं तोंड बघितलं. म्हणाल्या, सर, काम पास. एकच शेरा लिहावा लागेल, राग मानू नका. चर येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. पहिल्या दिवसापासून फळी हवी होती. मास्तर सांगत होते की अठरा तारखेपर्यंत नव्हती. सर, हे तर तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. काम कितीही महत्त्वाचं असो, माणसाची वाट अडता कामा नये.

हो. मीच शिकवलं होतं. पहिल्या तासाला शिकवायचो. पान नऊ.

मी म्हटलं, लिहा.

मग लिहिता लिहिता त्या हसल्या. म्हणाल्या, घरात दोन एक्स्पर्ट आहेत म्हणा की. काकूंचं काम मी शनिवारी पास केलं. मी म्हटलं, कुठलं काम. त्या म्हणाल्या, त्यांच्या बहिणीच्या घराखालच्या गाळ्याचं. शिवणकामाची जोडणी, काकूंच्या नावावर. दोन मशीन, इस्त्री, पंखा, चार ट्यूब. ठेकेदार त्यांना कंटाळला होता म्हणे. दिवसभर स्टूल टाकून बसून होत्या आणि तुमचे कागद हातात. वाळू कमी टाकली तर परत टाकायला लावली. माती चाळून घेतली. ठेकेदाराने जोड मारायची म्हटल्यावर केबल बदलून आणायला लावली. मी अक्षर बघताच ओळखलं, सर. आता ते अकराच्या अकरा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून मीटरशेजारी लावलेत.

मी विचारलं, किती दिवस लागले. म्हणाल्या, चार.

मी विचारलं, फळी होती का.

म्हणाल्या, दोन होत्या. आणि धरायला दोरी. गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून पहिल्याच सकाळी टाकून घेतल्या.

इतकं सगळं बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. मोजपट्टी गुंडाळायला त्यांनी फार वेळ घेतला. मी विचारलं, काही निरोप होता का. म्हणाल्या, निरोप असा नाही सर. पण विचारत होत्या, ते अजून स्वतःच खणतायत का, कंबर बरी आहे का.

मग अर्ज पुढे केला. म्हणाल्या, वापर आणि लोड एकदा बघून घ्या, बदल असेल तर आत्ताच करता येईल. मी पेन घेतलं. शिलाई मशीन एक, काट. इस्त्री एक, काट. पंखा, काट. ट्यूब दोन, एक काट. हेतू: शिवणकाम, काट. तिथं काय लिहावं कळेना, बाई म्हणाल्या, घरगुती लिहा सर. घरगुती लिहिलं. वापरणाऱ्याच्या नावावर फार वेळ पेन टेकवून बसलो. तिथं शाईचा डाग पडला. बाईंनी दुसरा फॉर्म दिला.

२३ एप्रिल, सकाळ

हवापालट नव्हता. ही मला सोडून गेली होती. मग एक दिवस बॅग घेऊन परत आली होती. आणि मी तिला तारीख दिली.

हे लिहायला एकावन्न दिवस लागले.

आठवत बसलो की आधी काही इशारा होता का. होते. पुढच्या खोलीतून मशीन हललं तेव्हा ती दोन दिवस बोलली नव्हती. प्लॅनची चौथी आवृत्ती दाखवली तेव्हा म्हणाली होती, मला नकाशा नको, दिवा हवाय. एकदा म्हणाली होती, तुमच्या नियमांत मी कुठं बसते ते एकदा सांगा. मी हसलो होतो. चौतीस वर्षं टेप पसरली आणि स्वतःला लागली तेव्हा कळली नाही, खणतच गेलो.

मला ती हवी आहे. एक्स्टेंशनसकट हवी आहे.

२३ एप्रिल, संध्याकाळ

फोन केला. मुलीला नव्हे, हिला. निश्चय मोडला.

काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. चार ओळी. तिने उचलला. मागे मशीनचा आवाज, बायकांची बडबड, कुणीतरी हसत होतं. तिने मशीन थांबवलं. म्हणाली, बोला.

कागद हातात होता. मी विचारलं, पाइपचं तोंड नीट बंद केलंय ना, पाणी शिरेल.

म्हणाली, केलंय.

मग तिनेच विचारलं, जेवलात का. म्हटलं, हो. म्हणाली, मीठ खालच्या फळीवर असतं, निळ्या डब्यात. तिला कसं कळलं माहीत नाही. मी म्हटलं, तुझी चाळणी फाटली माझ्याकडून. म्हणाली, असू दे, मी नवीन घेतली.

गिऱ्हाईक थांबलंय म्हणाली. ठेवला.

२६ एप्रिल

चर बुजवला. वाळू, विटा, माती, टेप, माती. पायाने दाबली. दुपारी कंपनीची माणसं येऊन लाइन चालू करून गेली. मागच्या खोलीत जाऊन बटण दाबलं. लख्ख उजेड. पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात अठरा मीटरचं वेटोळं, आणि जमिनीवर मशीनच्या चार पायांच्या खुणा. निळ्या कापडाचा तुकडा पडला होता. अर्ध्या टाक्याचा. खिशात ठेवला.

मास्तर कुंपणापाशी आले. म्हणाले, साहेब, जमीन सपाट झाली, आता माझी फळी उचला की. तिथं तिचं काय काम?

मी म्हटलं, नवा भराव आहे, खचतो. थोडे दिवस राहू द्या.

मास्तर आत गेले. फळी फाटकासमोर आहे तशीच आहे, अगदी मधोमध. सकाळी झाडून घेतली.